दिशांची मर्यादा

शिरोली एमआयडीसीत उभा जन्म फौंड्री चालवली. भट्टीपुढं उभं राहून लोखंड ओतणाऱ्या माणसानं अहिंसेवर किती बोलावं, असं आमच्या जैन बस्तीत मला कुणी तोंडावर विचारलं नाही. शास्त्रानं त्याची सोय आधीच करून ठेवली आहे. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार: चूल-पाणी-झाडलोट यांत होते ती आरंभी, पोटाच्या धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःचं आणि आपल्यावर विसंबलेल्यांचं रक्षण करताना होते ती विरोधी, आणि ठरवून, मारायचं म्हणून मारणं ही संकल्पी. पहिल्या तिन्ही संसारी माणसाला पुरत्या सुटत नाहीत, चौथी सोडलीच पाहिजे. माझी भट्टी उद्योगी खात्यात बसली आणि मी निवांत झोपलो. आता धंदा मुलाच्या हातात दिला आहे. पैसा आहे, वेळ आहे, गुडघे अजून शाबूत आहेत, आणि जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बायकोनं गालापागोस बेटांचा विषय काढला आहे. ही सहल कोणत्या खात्यात टाकायची, ते मात्र शोधावं लागलं.

आलेल्या कोटेशनांतलं सर्वांत महाग असं: मुंबईहून ॲम्स्टरडॅममार्गे इक्वेडोरची राजधानी किटो. ते २,८५० मीटर उंचीवर, म्हणून पहिले दोन दिवस नुसता श्वास जमवायचा. मग ढगांच्या जंगलात काचेच्या भिंतींचा लॉज, तिथं पलंगावर पडल्या पडल्या हमिंगबर्ड दिसतात. मग विमानानं समुद्रात हजार किलोमीटर आत गालापागोसचं बाल्ट्रा बेट आणि तिथून सोळा प्रवाशांच्या नौकेवर आठ दिवस. नौकेचेच माणशी साडेनऊ हजार डॉलर, म्हणजे आठ लाखांच्या वर. परदेशी माणसाला राष्ट्रीय उद्यानाची प्रवेश फी २०० डॉलर; ऑगस्ट २०२४ पर्यंत ती शंभर होती. टीसीएसचा कर वेगळा. जेवणाच्या रकान्यात ‘जैन’ लिहिल्यावर कंपनीच्या मुलीनं विचारलं, बटाटा चालेल ना? मी म्हटलं, बाई, बटाट्याच्या माहेरी चाललोय आणि तोच चालत नाही. सूर्यास्ताआधी जेवण मिळेल का, या प्रश्नावर मात्र विषुववृत्तानं आमची बाजू घेतली. तिथं बारा महिने सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. आषाढात वेगळं, पौषात वेगळं असा हिशेबच नाही.

आईला आमच्या घरात सगळे आक्काच म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावर एका चातुर्मासात तिनं मुनी महाराजांपुढं दिग्व्रत घेतलं, तेव्हा मी बँकेच्या हप्त्यांत गुरफटलेला होतो आणि घरातली एक बाई आणखी एक नियम धरते आहे, एवढंच मला वाटलं. दिग्व्रत म्हणजे दहाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची हद्द आखून घेणं, जन्मभरासाठी. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर ती हद्द जांभळ्या शाईत आहे. पूर्वेला सम्मेदशिखर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर. वर शिखरजीचा डोंगर. खाली घरच्या विहिरीचं पाणी. एका नातवानं पुण्यात अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला यायच्या आधी तिनं मला विचारून घेतलं, “शिखरजीपेक्षा उच्च न्हाई न्हवं?” शिखरजी साडेतेराशे मीटरच्या वर, पुणं अधिक अकरा मजले धरले तरी निम्म्याच्या आत. ती आली. दुसऱ्या नातवाचं लग्न टोरांटोला झालं. तिथं ती गेली नाही. रडली, पण गेली नाही.

त्या वेळी मला हे अडाणीपणाचं वाटलं होतं. आता पुस्तकं काढून बसल्यावर त्यामागचा विचार दिसतो. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त समुद्र, नद्या, अरण्यं, डोंगर, देश आणि योजनं या खुणांनी हद्द बांधायला सांगितली आहे. कारण माणूस एकटा कुठंच जात नाही, त्याची हिंसा त्याच्याबरोबर प्रवास करते. हेमचंद्राचार्यांनी तर याच व्रताच्या संदर्भात गृहस्थाला तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याची उपमा दिली आहे. ते श्वेतांबर, आम्ही दिगंबर; पण लोखंडाचा गोळा म्हटल्यावर मला पंथ आठवत नाही. लाल गोळा घरंगळत जिथं जाईल तिथलं जाळेल. त्याच्या मनात वाईट असण्याची गरज नाही, तापलेला असणं पुरे. आणि समंतभद्रांचा पुढचा मुद्दा मला सगळ्यांत खोल वाटतो. हद्दीच्या बाहेर तुमच्याकडून सूक्ष्मसुद्धा पाप घडत नाही, म्हणून त्या बाहेरच्या जगापुरती तुमची गृहस्थाची छोटी व्रतं मुनींच्या महाव्रतांच्या योग्यतेला जातात. म्हणजे ब्राझीलच्या किंवा इक्वेडोरच्या मुंगीच्या दृष्टीनं आमची आक्का, दोन सुनांशी रोज वाद घालणारी, तिजोरीची किल्ली कमरेला लावणारी आक्का, पूर्ण निर्ग्रंथ आहे. आणि मी तिथं जाण्यासाठी आठ लाख मोजतो आहे.

बरं, सहलीचं खातं. उद्योगी नाही, आरंभी नाही, विरोधी तर नाहीच. सापडली ती अनर्थदंडात, म्हणजे विनाकारण होणाऱ्या हिंसेत. त्यातला एक पोटप्रकार प्रमादचर्या. निष्कारण माती उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडंझुडं तोडणं यांच्याच रांगेत समंतभद्रांनी दोन गोष्टी घातल्या आहेत: निष्कारण स्वतः हिंडणं आणि निष्कारण दुसऱ्याला हिंडवणं. पहिल्यात मी सापडलो, दुसऱ्यात ट्रॅव्हल कंपनी.

आक्काला नौकेचे फोटो दाखवले. तिनं मोबाइल लांब धरून पाहिले आणि म्हणाली, “बाहुबली कुठं गेलं हुतं रान बगायला?”

यावर उत्तर देणं अवघड आहे. आमच्या कथेत बाहुबली वर्षभर एका जागी उभे राहिले आणि रान त्यांच्याकडं आलं. वेली पायांवरून मांड्यांवर आणि मांड्यांवरून दंडांवर चढल्या, पायाशी वारुळं झाली, त्यांतून साप डोकावले. श्रवणबेळगोळला सुमारे ५७ फुटांच्या त्या मूर्तीवर शिल्पकारानं एकेक पान कोरलं आहे. जो हलत नाही त्याला प्राणी घाबरत नाहीत, हे शिकाऱ्यालाही ठाऊक असतं. पण शिकारी तासभर न हलता बसतो तो मारण्यासाठी. बायकोचं म्हणणं वेगळं. “अहो, बाहुबलींना घर नव्हतं, जीएसटी नव्हता. आपण संसारी माणसं. आपण जाऊन बघणार, दुसरं काय करणार?” तेही खरं.

तिला गालापागोस का हवं आहे, ते तिनं मला एका फोटोवरून सांगितलं. समुद्रकिनाऱ्यावर एक बाई वाळूत आडवी झाली आहे आणि तिच्या पायापासून हातभर अंतरावर सी लायनचं पिल्लू झोपलं आहे. ना ते दचकलं आहे, ना ती. आमच्या बस्तीच्या भिंतीवर समवसरणाचं जुनं चित्र आहे. मध्यभागी तीर्थंकर, भोवती बारा सभा, त्यांतली एक तिर्यंचांची, म्हणजे पशुपक्ष्यांची. खालच्या कोपऱ्यात सिंहीण वासराला पाजते आहे आणि गाय छाव्याला. लहानपणी प्रवचन लांबलं की मी तेवढाच कोपरा बघत बसायचो. फोटो बघून मला तेच आठवलं. जनावरानं आपल्याला न भिणं यासारखी दुसरी पावती माणसाला नाही. अभयदान हे सर्वांत मोठं दान म्हणतात. इथं तर उलट, तेच आपल्याला अभय देतात असं वाटतं.

पण बायको शिक्षिका आहे, ती भाबडेपणा फार वेळ टिकू देत नाही. तिथल्या प्राण्यांना भीती का नाही? कारण जमिनीवरचा मोठा शिकारी प्राणी त्या बेटांवर आपणहून कधी पोचलाच नाही. समुद्री इग्वाना माणसाच्या बुटाशेजारी ऊन खात पडून राहतो, पण गालापागोसचा ससाणा वर दिसला की पळतो. त्याला भीती आहे, फक्त आपली नाही, कारण आपली ओळख नाही. १५३५ साली पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा वारा पडल्यामुळं वाहत वाहत तिथं पोचला. त्यानं स्पेनच्या राजाला कळवलं की इथले पक्षी इतके खुळे आहेत की उडून जायचं त्यांना कळत नाही, लोक हातांनीच धरतात. पाहा, आपल्याला ज्यात समवसरण दिसतं त्यात त्याला खुळेपणा दिसला. तीनशे वर्षांनी, १८३५ मध्ये, सव्वीस वर्षांचा डार्विन आला. बंदुकीची इथं गरजच नाही असं त्यानं नोंदवलं आणि फांदीवरच्या ससाण्याला बंदुकीच्या नळीनं ढकलून दाखवलं. चार्ल्स बेटावर, म्हणजे आजच्या फ्लोरियानावर, त्याला विहिरीच्या काठी बसलेला एक मुलगा दिसला. मुलाच्या हातात छडी. होले आणि फिंच पाणी प्यायला उतरले की तो छडी हाणायचा. जेवणापुरता छोटा ढीग शेजारी झालेला होता. पक्षी मरत होते आणि मागचे पक्षी येतच होते.

त्या पोराचा मला राग येत नाही. ठरवून मारणं म्हणून त्याची हिंसा संकल्पीच, पण तो भुकेला होता. व्हेल मारणाऱ्या जहाजांनी मात्र हद्द केली. राक्षसी कासव अन्नपाण्याशिवाय कित्येक महिने जगतं हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी जहाजाच्या तळात जिवंत कासवं एकावर एक रचून नेली, लागतील तसं ताजं मांस म्हणून. शतकभरात अशी लाखभर तरी गेली असावीत. ज्याची सहनशक्ती जास्त त्याला जास्त दिवस मारायचं, हा न्याय माझ्या डोक्यातून जात नाही.

शेळ्यांचं प्रकरण मी आक्कापासून लपवणार होतो, पण बायकोनं सांगितलं. चाचे, खलाशी, वसाहतवाले यांनी परतीच्या वेळी मांस मिळावं म्हणून बेटांवर शेळ्या सोडल्या. पिंटा बेटावर १९५९ मध्ये सोडलेल्या अवघ्या तीन शेळ्यांच्या दीड दशकात हजारो झाल्या. बेट बोडकं झालं. तिथल्या कासवांपैकी एकच नर १९७१ मध्ये सापडला, तोच लोन्सम जॉर्ज. चाळीस वर्षं जोडीदारीण शोधली, अंडी उबली नाहीत, २४ जून २०१२ ला तो गेला आणि त्याच्याबरोबर त्याची जातही. इसाबेला आणि सांतियागो या मोठ्या बेटांवर तेच होणार असं दिसल्यावर १९९७ ते २००६ या काळात उद्यान आणि डार्विन फाउंडेशन यांनी मोहीम काढली. हेलिकॉप्टरमधून नेमबाजांनी शेळ्या टिपल्या, एकूण दीड लाखाच्या आसपास. शेवटच्या शेळ्या सापडेनात, तेव्हा युक्ती केली. शेळीच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून तिला सोडायचं. शेळी एकटी राहू शकत नाही, ती कळप शोधतेच. कळप सापडला की सगळ्यांना मारायचं, पट्टेवालीला सोडून. ती पुन्हा दुसरा कळप शोधते. ख्रिस्ताला पकडून देणाऱ्या शिष्यावरून त्यांना जुडास शेळ्या म्हणतात. अशा शेकडो होत्या.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “शेळ्या कुणी आणल्या?”

“माणसांनी.”

“मग मारल्या कुणी?”

“माणसांनीच.”

“आनि आता बगायला कोन चाललंय?”

यापुढं ती काही बोलली नाही, जपाची माळ घेऊन बसली. मला मात्र रात्रभर या शेळ्यांनी झोपू दिलं नाही, कारण हा नुसता दयेचा प्रश्न नाही, हिशेबाच्या पद्धतीचा प्रश्न आहे. जैन धर्म जीव मोजतो. शेळी पंचेंद्रिय, कासव पंचेंद्रिय. दोघांत आत्मा तेवढाच, भीती तेवढीच. ‘जात’ नावाचा जीव आमच्या शास्त्रात नाही. जॉर्जला आत्मा होता, जॉर्जच्या वंशाला नाही. वंश संपला तर कुणाला दुखलं? उलट निसर्ग राखणारे लोक वंश मोजतात. त्यांच्या वहीत दीड लाख शेळ्या म्हणजे शून्य, कारण जगात शेळ्या वाटेल तेवढ्या आहेत, आणि एक कासव म्हणजे सर्वस्व. आणि खुद्द इक्वेडोरची तिसरीच वही आहे. २००८ च्या राज्यघटनेत त्यांनी निसर्गाला, पाचामामाला, हक्क दिले: टिकून राहण्याचा, आपली चक्रं चालू ठेवण्याचा, बिघडलं तर पूर्ववत होण्याचा. असं करणारा तो जगातला पहिला देश. तिथं धरणीमाय स्वतःच कोर्टात वादी होऊ शकते. २०२१ मध्ये त्यांच्या संवैधानिक न्यायालयानं लोस सेद्रोस नावाच्या ढगाळ जंगलातली खाणकामाची परवानगी याच हक्कांवर रद्द केली.

तीन वह्यांचा ताळा जमत नाही, आणि तो जमवून दाखवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. तरी माझं मत सांगतो. आमची वही मला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तीत एकही मरण ‘इतर खर्चा’त टाकता येत नाही. पण ती एका जागी अडते. शेळ्या न मारता बसलो असतो तर कासवं मेलीच असती, उपाशी, सावलीचं झुडूप नसलेल्या उन्हात. त्या मरणाला हात दिसत नाही, म्हणून ते कुणाच्याच नावावर पडत नाही. माझ्या धंद्यात अशी नोंद केली असती तर सीएनं वही फेकून दिली असती. आणि मारणं फुकट गेलं असंही नाही. एस्पान्योला बेटावर एके काळी १२ माद्या आणि २ नर एवढीच कासवं उरली होती. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा तिसरा नर आणला, पिढ्या वाढवल्या, आणि जून २०२० मध्ये दिएगो त्याच्या बेटावर परत गेला. बेट आधी शेळ्यांपासून मोकळं केलं नसतं तर त्याला खायला निवडुंग उरला नसता. मी ट्रिगर दाबला नसता. दाबणाऱ्याला पापी म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि २०० डॉलरची पावती फाडली की कृत, कारित, अनुमोदित या तिहेरी जाळ्यात मीही आलो: केलं नाही, करवलं नाही, पण संमती दिली.

मग न जाणं शुद्ध का? इथं आक्काशी माझा मतभेद आहे. बेटांवर तीस हजारांच्या आसपास माणसं राहतात. नव्वदच्या दशकात समुद्री काकडीला आशियात भाव आला आणि मुख्य भूमीवरून लोक लोटले. सरकारनं मर्यादा घातली तेव्हा १९९५ मध्ये चिडलेल्या मच्छीमारांनी डार्विन संशोधन केंद्राला वेढा घालून कासवं मारायची धमकी दिली. आज त्याच बेटांवर बोटवाला, वाटाड्या, भटारी जगतात ते बघायला येणाऱ्यांवर. म्हणजे मी घरी बसून महाव्रती झालो, तर तिथला कुणीतरी समुद्र उपसायला मोकळा होतो. उलट वर्षाला तीन लाखांच्या आसपास प्रवासी येतात त्यांचंही ओझं आहेच: त्यांचं पाणी, मैला, बुटातून येणारं बी, डिझेल. जाणं आणि न जाणं, दोन्हींत बोट भाजतंच.

या कोटेशनात ‘लक्झरी’ म्हणून नक्की काय विकतात, हे मी धंदेवाल्याच्या नजरेनं पाहिलं. पलंग, वाइन, जकुझी या किरकोळ गोष्टी. खरा माल म्हणजे इतर माणसांचं नसणं. जमिनीचा ९७ टक्के भाग उद्यान, शंभरापेक्षा जास्त प्रवाशांची नौका नाही, एका वाटाड्यामागं सोळाच माणसं, एका नौकेला त्याच जागी १४ दिवसांत पुन्हा जायचं नाही. दुसऱ्यांनी पाळलेला संयम मी विकत घेतो आहे. अपरिग्रहाची सगळ्यांत महाग वस्तू.

दुसऱ्या एका कोटेशनातला यासुनीच्या अरण्याचा पर्याय मला म्हणून जास्त आवडला होता. इक्वेडोरच्या पूर्वेला, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, आन्यांगू गावच्या किच्वा लोकांच्या मालकीचा लॉज आहे. गावानं आपल्या हद्दीत शिकार बंद केली. लॉजकडं जाणाऱ्या ओढ्यात मोटर चालवत नाहीत, पाहुण्यांना वल्ही मारत नेतात, म्हणून पाणमांजरं आणि माकडं बावरत नाहीत. आपलीच हद्द, आपणच आखलेली. आक्काच्या वहीतलं वाटावं असं. त्याच अरण्यात तागाएरी आणि तारोमेनाने हे दोन समूह बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवता राहतात. त्यांनी हद्द आखली आहे ती आपल्याकरता. आणि २० ऑगस्ट २०२३ ला साऱ्या देशानं मतदान करून, सुमारे ५९ टक्क्यांनी, यासुनीच्या एका भागातलं तेल जमिनीतच ठेवायचं ठरवलं. कर्जानं वाकलेल्या देशानं घरातलं सोनं न विकण्याची शपथ घेतली म्हणा. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे अतिचार, म्हणजे दोष, दिले आहेत. वर, खाली, आडवं हद्द ओलांडणं हे तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे सोयीनं हद्द वाढवून घेणं. आणि पाचवा, आखलेली हद्द विसरून जाणं. न्यायालयानं दिलेली वर्षाची मुदत उलटली तेव्हा त्या भागातल्या बहुतेक विहिरी चालूच होत्या. पाचवा अतिचार सरकारांना फार लवकर जमतो.

बायकोला मात्र बेटंच हवीत. तिच्या यादीत अल्बट्रॉस पहिला. तो एस्पान्योलावर एप्रिल ते डिसेंबर असतो. आषाढ ते कार्तिक चातुर्मास, मध्ये भाद्रपदात दशलक्षण. त्या काळात मी घर सोडणार नाही. उरलेल्यांतून मे महिना धरला. तिनं वेळापत्रक पाहून सांगितलं की एस्पान्योलावर मेमध्ये नाझ्का बूबीची नुकती फुटलेली अंडी दिसणार नाहीत. हा पक्षी दोन अंडी घालतो, काही दिवसांच्या अंतरानं. पहिलं पिल्लू आधी मोठं होतं आणि दुसरं बाहेर आलं की त्याला छातीनं रेटत रेटत घरट्याच्या कडेबाहेर काढतं. घरटं म्हणजे जमिनीवरचं नुसतं कोंडाळं, कडा वीतभरसुद्धा नाही. बाहेर पडलेलं पिल्लू उन्हानं किंवा ससाण्यामुळं मरतं. आई शेजारीच उभी असते, ती त्याला आत घेत नाही. वाटाड्यानं किंवा पाहुण्यानं हात लावायचा नाही असा नियम आहे. अठराव्या शतकात श्वेतांबर तेरापंथाच्या आचार्य भिक्षूंनी मांडलं होतं की मांजरापासून उंदीर सोडवणं ही लौकिक दया, तो मोक्षाचा धर्म नव्हे. त्यावर आमच्यासह सगळ्यांनी त्यांना कठोर म्हटलं. गालापागोसचा वाटाडा रोज नेमकं तेच पाळतो. ते दृश्य आपल्या नशिबी नाही हे कळल्यावर मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा थोडा रागही आला. अहिंसेचा अभ्यास करायला निघायचं आणि तारीख अशी निवडायची की हिंसा दिसणार नाही.

एक गोष्ट मनाला पटली ती नियमांच्या पत्रकात. बेटावर पायवाटेच्या दोन्ही अंगांना काळ्या-पांढऱ्या टोकाच्या छोट्या खुंट्या रोवलेल्या असतात. त्यांच्या बाहेर पाऊल नाही. प्राण्यापासून दोन मीटर अंतर. शिंपला, दगड, मूठभर वाळूसुद्धा उचलायची नाही. विमानात चढण्याआधी बॅगा उघडून बी-बियाणं तपासतात. आमच्या उपाध्यांना हे वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, “हे देशव्रत झालं की.” दिग्व्रत जन्माचं, देशव्रत त्याच्या आत, थोड्या काळासाठी, या घरापर्यंत, त्या शेतापर्यंत, अमुक गल्लीपर्यंत असं आणखी आखडून घ्यायचं असतं. खुंटीच्या अलीकडं मी आठ लाखांचा भोगी माणूस. पलीकडच्या इग्वानाला आणि लाव्हाच्या भेगेत उगवलेल्या निवडुंगाला माझ्यापासून काहीही भय नाही. त्यांचं निर्भय असणं अज्ञानातून आलेलं असेल, पण खुंटीशी थांबलेलं माझं पाऊल जाणून थांबलेलं आहे. माझ्याकडून देता येईल ते अभयदान एवढंच, दोन मीटर रुंदीचं. विमानाचं इंधन त्यात धरलेलं नाही, हे मला कळतं. ते अनर्थदंडातच राहील.

आमच्याकडच्या नांदणीच्या जैन मठातली हत्तीण २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयाच्या आदेशानं गुजरातला नेली, तेव्हा आमचा सगळा भाग रस्त्यावर आला होता. मीही गेलो होतो, डोळे भरून आले होते. तिला जवळ ठेवायचं होतं आम्हाला. तिला काय हवं होतं यावर त्या गर्दीत कुणी बोलत नव्हतं. प्रेमालाही दोन मीटर लागतात, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

आक्कानं शेवटी परवानगी दिली, अट घालून. “जा. पण जायाच्या आदी हद्द आखून जा. परत येऊन आखतो म्हनू नको.” हद्द कितीही मोठी आखायला शास्त्राची हरकत नाही, फक्त एकदा आखली की वाढवायची नाही. वही घेऊन बसलो तर पहिलीच अडचण भूगोलाची. कोल्हापुराहून गालापागोस इतकं पृथ्वीच्या पलीकडल्या अंगाला आहे की पूर्वेनं गेलो काय आणि पश्चिमेनं गेलो काय, जवळजवळ सारखंच. आक्काच्या विहिरीतून सरळ खाली भोक पाडलं तर तेही त्याच महासागरात निघेल, म्हणजे तिनं ‘खाली’ म्हणून बंद केलेल्या दिशेला मी चाललो आहे. उपाध्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, बेटाचं नाव लिहा, दिशा राहू द्या. तसं लिहिलं. पूर्व, पश्चिम, उत्तर, वर विमानाची उंची, खाली समुद्राचा पृष्ठभाग; बायकोचं स्नॉर्केलिंग तिच्या वहीत. दक्षिणेची ओळ अजून कोरी आहे, कारण त्याच कंपनीचं अंटार्क्टिकाचं माहितीपत्रक कालच्या टपालानं आलं आणि ते बायकोच्या उशाशी आहे.